अचल काही नाही, अस्पर्शही काही नाही



आमच्या गावाचे नाव अचलपूर. अचल म्हणजे न हलणारे, जागच्या जागी राहणारे. नाव असे, आणि गावाचा इतिहास पाहावा तर नेमका उलटा. जुन्या कागदांत ते एलिचपूर आहे. १४९० साली वऱ्हाडची इमादशाही उभी राहिली, तेव्हा ते राजधानीचे शहर होते. १५७४ मध्ये ती गादी अहमदनगरच्या निजामशाहीने घेतली. पुढे मोगल आले, हैदराबादचे निजाम आले, आणि १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. इंग्रजांच्या राज्यात एलिचपूर हा वेगळा जिल्हा होता, तो १९०५ मध्ये मोडून अमरावती जिल्ह्यात घातला. विदर्भ मिल आली आणि गेली. तिच्यामागून फिनले मिल आली, २०२० च्या टाळेबंदीत तिचीही यंत्रे थांबली. मूर्तिजापूरहून येणारी शकुंतला गाडी १९१३ पासून धावत होती, तीही बंद पडली. पाटीवर 'अचल' लिहिलेले, आणि पाटीखाली सारेच चल!

हे सारे आज लिहिण्याचे कारण एका मुलीचा प्रश्न आहे. काही दिवसांपूर्वी मिलमधील एका जुन्या कामगार बांधवाच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. त्यांच्या पाळीत काम केलेले एक ख्रिस्ती गृहस्थ आवर्जून आले होते. ते मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, तुझे बाबा देवाजवळ सुखात आहेत." पाहुणे गेल्यावर ती नववीतली पोर आमच्याजवळ आली आणि म्हणाली, "काका, ते म्हणतात बाबा देवाजवळ हायेत. विहारात सांगतात देव नाही, आत्मा नाही. मंग माहे बाबा कुठी गेले?"

जवळ बसलेली मोठी माणसे गप्प झाली. एका आजीने "असं नाही विचारू, माय" म्हणून तिला आत नेले. आम्हाला ते पटले नाही. ज्या धम्मात प्रश्न विचारण्याला मान आहे, त्या धम्माच्या घरात लेकराचा प्रश्न दाबू नये. त्यात तो केवळ एका घराचा प्रश्नही नाही. सारे बदलत असेल, टिकणारा आत्मा नसेल, तर आपल्या कष्टाला, प्रेमाला, चळवळीला अर्थ काय, असा तो प्रश्न आहे. त्यावर बुद्धांनी विचार केला, बाबासाहेबांनी केला, आणि गेल्या शंभर वर्षांत पश्चिमेकडील काही ख्रिस्ती विचारवंतांनीही केला. त्या विचाराला 'प्रक्रिया तत्त्वज्ञान' म्हणतात. नाव जड आहे, पण गोष्ट आपल्या चुलीजवळची आहे.

दुधाचे दही होते, दह्याचे लोणी, लोण्याचे तूप. तूप म्हणजे दूधच काय? नाही. मग दुधावाचून तूप झाले काय? तेही नाही. हा दाखला भदंत नागसेनांनी मिलिंद राजाला दिला. रथाचाही दाखला त्यांनीच दिला. चाक म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही, मग रथ कोठे आहे? आपल्याकडील बुजुर्गांना हे शकुंतलेवरून लवकर कळेल. १९९४ मध्ये तिचे वाफेचे इंजिन गेले, डिझेलचे आले. ड्रायव्हर, गार्ड निवृत्त होऊन नवे आले. डब्यांतले उतारू तर रोजच वेगळे. तरी आपण 'शकुंतला आली' असेच म्हणत आलो. 'शकुंतला' नावाची एखादी वस्तू इंजिनाच्या आत लपलेली नव्हती. रोज घडणाऱ्या एका येण्याजाण्याचे ते नाव होते. माणसाचेही तसेच, असे तथागतांनी सांगितले. यालाच आपण अनित्य आणि अनात्म म्हणतो.

आता आपल्या समाजात एक गंमत झालेली आहे. अनित्य हा शब्द आपण बहुधा कोणी वारल्यावरच ऐकतो. त्यामुळे अनित्य म्हणजे नाश, अशी समजूत घरोघर झाली आहे. बाबासाहेबांनी हा शब्द स्मशानातून उचलून वस्तीत आणला. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ते अनित्यतेचे तीन प्रकार समजावून सांगतात आणि मग जी गोष्ट सांगतात, ती फार मोलाची आहे. वस्तू बदलत नसत्या, तर जगात वाढ झालीच नसती. बी बीच राहिले असते. बदल आहे म्हणून शक्यता आहे. वीस वर्षे आधी, १९३६ मध्ये, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि मंडळाने होऊ न दिलेल्या भाषणातही त्यांचे सांगणे हेच होते. कोणतीही गोष्ट सनातन नाही आणि बदल हाच माणसाच्या व समाजाच्या जगण्याचा नियम आहे, हे हिंदूंनी ओळखावे, असे त्यांनी त्यात बजावले. म्हणजे ज्या अनित्याने आपण रडतो, त्याच अनित्याने जातीचा पाया हलतो.

आता साहेबांच्या देशातील माणसाकडे वळू. आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांचा जन्म इंग्लंडात १८६१ मध्ये झाला. वडील चर्चचे धर्मोपदेशक. स्वतः ते गणिती. बर्ट्रांड रसेल यांच्याबरोबर त्यांनी गणिताच्या पायावर तीन खंडांचा मोठा ग्रंथ लिहिला. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, त्यांचा विमानदलातील धाकटा मुलगा एरिक मारला गेला. वयाच्या ६३ व्या वर्षी, ज्या वयात आपण पेन्शनचे कागद नीट लावतो, त्या वयात हा गृहस्थ अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायला गेला. १९२९ मध्ये त्यांचा 'प्रोसेस अँड रिअ‍ॅलिटी' म्हणजे 'प्रक्रिया आणि वास्तव' हा ग्रंथ आला. १९२० ते १९२३ या काळात बाबासाहेब लंडनला शिकत होते, तेव्हा व्हाइटहेडही त्याच शहरात प्राध्यापक होते. यावरून दोघे भेटले असे कोणी समजू नये. पण एकाच काळाचे वारे दोघांच्याही अंगावरून गेले, एवढे खरे.

व्हाइटहेड यांचे म्हणणे थोडक्यात असे. आपण समजतो की जग वस्तूंचे बनले आहे आणि त्या वस्तूंच्या बाबतीत घटना घडतात. ते म्हणतात, उलटे पाहा. जग घटनांचेच बनले आहे. वस्तू हे घटनांच्या लांब साखळीला दिलेले नाव आहे. प्रत्येक घटना आधीचे सारे आपल्यात घेते, त्यात स्वतःचे थोडे घालते, संपते, आणि पुढच्या घटनेसाठी माल होऊन राहते.

आम्ही कारकून माणूस. आम्हाला हे रोजकिर्दीवरून समजले. रोजकिर्दीच्या प्रत्येक पानावर पहिली ओळ असते 'मागील शिल्लक'. ती काही आजची कमाई नसते, आणि ती नाकारताही येत नाही. खाली आजची जमा आणि आजचा खर्च. दिवस मावळताना बाकी काढायची आणि ती पुढच्या पानावर ओढायची. पान संपले, पण फाडता येत नाही. पुढचे प्रत्येक पान त्याच्यावर उभे असते. ताळेबंद वेगळा. ताळेबंद म्हणजे ३१ मार्चच्या रात्री काढलेला फोटो. जातिव्यवस्था माणसाचा ताळेबंद जन्माच्या दिवशीच मांडते आणि खाली सही-शिक्का मारते. बुद्ध, बाबासाहेब आणि व्हाइटहेड सांगतात की माणूस म्हणजे रोजकीर्द आहे. मागील शिल्लक खरी आहे, हजारो वर्षांच्या गुलामीची बाकी त्यात ओढलेली आहे. पण मागील शिल्लक म्हणजे नशीब नव्हे. आजची नोंद आज करायची असते आणि ती आपल्या हाताने करायची असते.

आपले मत पश्चिमेकडील जुन्या विचारांपेक्षा भारतातील व चीनमधील काही विचारप्रवाहांना जास्त जवळचे आहे, हे व्हाइटहेड यांनी त्याच ग्रंथात मान्य केले आहे. म्हणून आपण छाती फुगवायची गरज नाही. धम्माला साहेबाच्या प्रमाणपत्राची गरज नव्हती आणि नाही. पण वेगळ्या वाटेने चाललेला माणूस त्याच पाणवठ्याजवळ पोचला, तर ती साक्ष मोलाची असते.

या विचारातून आणखी एक गोष्ट निघते, आणि आपल्याला ती सर्वांत जवळची वाटावी. प्रत्येक घटना जर इतर घटनांना आपल्यात घेऊनच घडत असेल, तर जगात एकटे, कोणाचा स्पर्श न झालेले असे काहीच उरत नाही. जो म्हणतो की 'तुझा स्पर्श मला होऊ नये', तो ज्या भाकरीवर जगतो, तिच्या ज्वारीला आमच्या माय-मावश्यांचा हात लागलेला असतो. अंगावरच्या कापडाला मिलमधल्या बदली कामगाराचा हात लागलेला असतो. अस्पृश्यता हा अन्याय तर आहेच, पण जग कसे आहे याविषयीचे ते धडधडीत खोटेही आहे. बाबासाहेबांचे कोलंबिया विद्यापीठातील गुरू जॉन ड्यूई यांच्या विचारातून आलेला एक शब्द बाबासाहेब वापरीत. त्याचा भाव असा की समाजातील थराथरांतून अनुभवाचा पाझर मोकळा वाहिला पाहिजे, मनुका पाण्यात घातली की सालीतून पाणी आत पाझरते तसा. जात ही पाझर बंद करणारी साल आहे.

आता ख्रिस्ती बाजू. आपल्या भागात कोठाऱ्याचे मिशनचे कुष्ठरोग इस्पितळ सर्वांना ठाऊक आहे. ज्यांना घरच्यांनी बाहेर काढले, त्यांच्या जखमा तेथे धुतल्या गेल्या. येशूने कुष्ठरुग्णाला हात लावला, ही शुभवर्तमानातील गोष्ट त्या सेवेच्या मुळाशी आहे. व्हाइटहेड यांची चर्चबद्दलची तक्रार याच ठिकाणी आहे. ते म्हणतात, गालिलातील नम्र माणसाला मानणाऱ्या लोकांनी पुढे देवाला रोमच्या बादशहाचा पोशाख चढवला. हुकूम करणारा, शिक्षा देणारा, स्वतःला काहीच न लागू देणारा असा देव त्यांनी उभा केला. व्हाइटहेड यांच्या मनातील देव जबरदस्ती करीत नाही. तो चांगल्याकडे ओढ लावतो आणि जगाचे दुःख स्वतःही भोगतो. एक प्रकारे तोही अस्पर्श राहत नाही.

हा धागा पुढे जॉन कॉब यांनी नेला. त्यांचा जन्म १९२५ मध्ये जपानमधील कोबे शहरात, मिशनरी घरात झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील क्लेअरमाँट येथे १९७३ मध्ये त्यांनी डेव्हिड ग्रिफिन यांच्यासह प्रक्रिया-विचाराचे अभ्यासकेंद्र काढले. जपानी बौद्ध विद्वान मासाओ आबे यांच्याशी त्यांची वर्षानुवर्षे चर्चा चालली. १९८२ मध्ये बौद्ध आणि ख्रिस्ती यांच्या संवादावर त्यांनी पुस्तक लिहिले. त्याचा मुद्दा असा की नुसते गोड बोलून उठणे हा संवाद नव्हे. बसताना जसे होतो तसेच उठताना राहिलो, तर बोलणे झालेच नाही. दोघांनीही एकमेकांपासून शिकून बदलावे. ख्रिस्ती माणसाने बुद्धांकडून 'मी'ची घट्ट मूठ सोडायला शिकावे, असे ते आपल्याच लोकांना सांगत. डिसेंबर २०२४ मध्ये, शंभरीला थोडे बाकी असताना, ते वारले. हा विचार आपल्या देशातही पोचला आहे. २००९ च्या जानेवारीत बंगळूरला व्हाइटहेड यांच्या विचारावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग बौद्ध आणि ख्रिस्ती एकच झाले की! तसे मुळीच नाही. फरक स्पष्ट सांगितलेले बरे.

पहिला फरक देवाचा. व्हाइटहेड आणि कॉब यांचा देव मवाळ असला तरी देवच आहे. तथागतांना त्याची गरज पडली नाही. ते मार्गदाता होते, मोक्षदाता नव्हते, हे बाबासाहेबांनी ठासून सांगितले आहे. तेव्हा पुढच्या दाराने घालवलेला देव आपण मागच्या दाराने घरात घेऊ नये.

दुसरा फरक. व्हाइटहेड यांनी १९२६ च्या एका पुस्तकात बौद्ध धर्माची ओढ जगाच्या दुःखातून सुटण्याकडे आहे, असे चित्र रंगवले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे घडले, ते पाहायला व्हाइटहेड नव्हते. ते १९४७ मध्येच वारले. तेथे लाखो माणसांनी जगातून सुटका मागितली नाही. जगात ताठ मानेने उभे राहण्यासाठी त्यांनी दीक्षा घेतली. बौद्धांनी समाजातील अन्यायाकडे लक्ष द्यावे, असा सल्ला आजही पुष्कळ पाश्चात्त्य पंडित देतात. त्यांनी एकदा वऱ्हाडातल्या बौद्ध वस्तीत येऊन पाहावे.

तिसरी गोष्ट फरकाची नाही, सावध राहण्याची आहे. सारे बदलते एवढे म्हटल्याने भले होत नाही. मिल सुरू झाली हा बदल, बंद पडली हाही बदलच. चळवळ उभी राहते तशी फुटतेही. लग्न जुळवताना हळूच पोटजात विचारणारे घर आजही आपल्यात आहे आणि जात बरोबर घेऊन चर्चमध्ये गेलेली माणसे त्यांच्यात आहेत. बदल आपोआप चांगल्याकडे वाहत नाही. त्याला वळण द्यावे लागते. ते वळण म्हणजे प्रज्ञा, शील आणि करुणा. तथागतांचा अखेरचा उपदेशही दोन पायांवर उभा आहे: घडलेले सारे मोडणारे आहे, म्हणून गाफील राहू नका, झटत राहा. आपण पहिला अर्धा भाग पाठ केला आणि दुसरा विसरलो तर धम्म लंगडा होईल.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे.

बेटा, तुझे बाबा कुठे तरी जाऊन बसलेले नाहीत, म्हणून त्यांना शोधत आभाळाकडे पाहू नको. बाबासाहेबांनी तथागतांचे म्हणणे असे मांडले आहे की देह ज्या चार महाभूतांचा झाला, ती पृथ्वी, आप, तेज आणि वायू आपापल्या साठ्यात मिळतात. आत्मा नावाचा पक्षी उडून जात नाही. पण तुझे बाबा म्हणजे नुसता देह नव्हता. ते म्हणजे त्यांनी केलेली हजारो कामे होती. रात्रपाळीवरून येऊन तुझी वही पाहणे, पहिली सायकल हँडल धरून शिकवणे, मिल बंद पडल्यावर पडेल ते काम करून तुझी फी भरणे, ही कामे झाली आहेत. झालेले 'न झालेले' होत नाही. ज्याने स्वतःचा मुलगा युद्धात गमावला, त्या व्हाइटहेड यांच्या तत्त्वज्ञानाचा हा एक मोठा खांब आहे. आपल्या भाषेत यालाच कम्म म्हणतात. चांगल्या कम्माचे फळ करणाऱ्यापाशीच अडकून राहत नाही, ते माणसामाणसांत वाहत जाते. तू वर्गात उभी राहून प्रश्न विचारतेस, तेव्हा त्या उभे राहण्यात तुझे बाबा असतात. तुझ्या पानावरची मागील शिल्लक त्यांनी भरून ठेवली आहे. पुढची नोंद तुझी.

आणि ते ख्रिस्ती काका चुकीचे बोलले काय? आपल्याला त्यांचा शब्द मान्य नाही, आणि ते मोकळेपणाने सांगायला हरकत नाही. पण ते आले, तुझ्या आईसमोर डोळे पुसून बसले, तुझ्या डोक्यावर हात ठेवला. आपला पाळीतला सोबती वाया गेला नाही, एवढेच त्यांना म्हणायचे होते. वाया गेला नाही, हे आपणही म्हणतो. कसे, हे ते वेगळे सांगतात आणि आपण वेगळे सांगतो. त्या 'कसे'वर त्यांच्याशी बोलावे, भांडू नये.

आई-वडिलांना एक विनंती. मुलगा दहावीत नापास झाला की 'हा असाच राहणार' म्हणू नका. पोरगी बुजरी आहे, तर 'हिचा स्वभावच तसा' म्हणून मोकळे होऊ नका. 'असाच' आणि 'स्वभावच' हे शब्द ज्यांनी हजारो वर्षे आपल्याविषयी वापरले, त्यांची भाषा आपल्या स्वयंपाकघरात कशाला? लेकराचा ताळेबंद इतक्या लवकर मांडू नका. त्याची आजची नोंद काय झाली, एवढे रोज रात्री जेवताना विचारा.

आमच्या वस्तीतील कार्यकर्त्यांनी एक गोष्ट ठरवली आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर बाबासाहेबांच्या ग्रंथातील अनित्यतेचा भाग मोठ्याने वाचायचा आणि लेकरांना प्रश्न विचारू द्यायचे. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबांनाही बोलावले आहे. त्यांनी त्यांचे सांगावे, आपण आपले सांगावे, नंतर सर्वांनी बसून चहा-चिवडा घ्यावा. आपापल्या गावी असा एक रविवार ठेवून पाहा, आणि लेकरांनी काय विचारले ते आम्हाला पत्राने कळवा.

जयभीम.